अकरा दुधी गेले

आमच्याकडे ऋषिपंचमीच्या भाजीत बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. नांगरलेल्या रानातलं नको. परसात, कुंपणाला, हाताने लावलेलं जे असेल तेवढंच. सासूबाईंच्या माहेरी साताऱ्याकडे मोठं परस होतं, तिथे हे सोपं होतं. सिंहगड रस्त्यावर सहाव्या मजल्यावर राहून आम्ही इतकी वर्षं मंडईतून ऋषीच्या भाजीचा बांधलेला वाटा आणायचो आणि त्यातला दोडका कुठल्या रानातला, हे विचारायच्या भानगडीत पडायचो नाही. ट्रॅक्टरने नांगरलेलं चालतं का, यावर मात्र घरात दरवर्षी वाद. सासूबाईंच्या मते चालतं, कारण ट्रॅक्टर दमत नाही.

2023 च्या मे महिन्यात मी जाहीर केलं, की यंदा निदान अळू आणि दुधी तरी आपल्या टेरेसमधला. टेरेस म्हणजे हॉलला लागून पंधरा बाय दहाची उघडी जागा. तिथे तोवर तुळस, कढीपत्ता, गवती चहा, दोन जास्वंदी आणि मिरचीची चार रोपं होती. मिरचीवर बोकड्या येऊन पानं मुरडलेली असायची आणि जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण. दर रविवारी नीम तेल आणि साबणाचं पाणी मारायचं, बुधवारपर्यंत ते परत यायचे. एवढ्या अनुभवावर मी वेल लावायला निघाले होते.

एक निळा प्लास्टिकचा ड्रम मधोमध कापून दोन टोपल्या केल्या, बुडाला भोकं पाडली. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणली. तो फुकट देतो, पण स्कूटरवर दोन पोती चिपाडं घेऊन येताना कपड्यांचं काय होतं ते धुणाऱ्याला विचारा. तळाला चिपाडं, वर सोसायटीच्या आवारातला पालापाचोळा, वर घरचं खत आणि लाल माती. माती कमी असली की स्लॅबवर वजनही कमी येतं. हे गणित कागदावर फार छान होतं. प्रत्यक्षात चिपाडातल्या गोडव्याला मुंग्या लागल्या. मग ती कुजून बसायला लागली आणि महिन्याभरात सगळं वीतभर खाली गेलं. रोपं विहिरीत उतरल्यासारखी दिसायला लागली. वरून परत माती घातली. आता मी चिपाडं आधी दोन महिने पोत्यात भिजवून कुजवते, मगच भरते.

घरच्या खताविषयी इथे थोडं सांगायला हवं, कारण पुढे त्याचा संबंध येतो. झाकणाला आणि बाजूंना भोकं पाडलेला मोठा डबा मी चार वर्षं चालवत होते. त्यात काळ्या सैनिक माशीच्या अळ्या होत्या. जाड, तपकिरी, वळ्यावळ्यांच्या. दिसायला किळसवाण्या, पण ओला कचरा इतक्या झपाट्याने संपवतात की बघत राहावं. पाहुणे आले की मी झाकण उघडून दाखवायचे. नवऱ्याने एकदा हात जोडून सांगितलं, की निदान जेवणाआधी नको.

बी 'सम्राट' जातीचं आणलं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ही जात, फळ लांबट, फिक्या हिरव्या रंगाचं. दुधीच्या बीचं कवच टणक असतं, म्हणून रात्रभर भिजत घातलं आणि 8 जूनला, मृग लागला त्या दिवशी, आठ बिया टोचल्या. त्या वर्षी पाऊस 24-25 जूनपर्यंत फिरकलाच नाही. बिपरजॉय वादळाने सगळं लांबवलं होतं. मी तांब्याने पाणी घालत होते आणि सासूबाई, "मृगाचं पेरलंस खरी, पण मृग कुठाय?" म्हणत होत्या. आठातल्या पाच उगवल्या. तीन उपटून टाकताना जीव तुटला, पण दोन टोपल्यांत दोनच ठेवल्या.

जुलैच्या मध्यावर वेल कमरेएवढा झाला, तेव्हा ऑफिसातल्या एकीने विचारलं, "थ्री-जी केलंस का?" मला वाटलं मोबाईलचं काहीतरी. तर वेलाचा शेंडा खुडायचा, बगलेतून फांद्या फुटल्या की त्यांचाही खुडायचा, म्हणजे तिसऱ्या फुटव्यावर मादी फुलं जास्त येतात, असा तो प्रकार. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "शेंडा खुडायचा होय! मग तसं म्हण की." त्यांनी नखाने टचकन खुडून टाकला.

पुष्य नक्षत्रात पावसाने जोर धरला आणि खालच्या काकूंच्या बेडरूमच्या छताला ओल आली. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला. फोटोखाली कुणीतरी, "वर शेती चालू आहे ना?" असं विचारलं होतं. दोन दिवस मी जिना उतरताना मान खाली घालून उतरले. प्लंबर आला, त्याने टेरेसच्या कोपऱ्यातली जाळी उचलली आणि आतून माझ्याच ड्रममधला पाचोळा आणि चिपाडाचे धागे मूठ-मूठ काढले. पाणी तुंबून भिंतीच्या कडेने खाली झिरपत होतं. स्लॅब धड होता, चूक धडधडीत माझी होती. ड्रम विटांवर चढवले, जाळीवर दुसरी बारीक जाळी बसवली आणि काकूंच्या छताचा रंग आम्ही काढून दिला. नवऱ्याने फ्रिजवर एक कागद चिकटवला होता, 'दुधी खाते'. त्यात माती, बी, ड्रम, मांडवाच्या काठ्या आणि नायलॉनची जाळी यांच्याखाली त्याने 'रंगकाम' लिहिलं. दुधीचा मंडईतला भाव त्याने वर आधीच लिहून ठेवला होता.

जुलै संपताना फुलं आली. पांढरीशुभ्र, संध्याकाळी उमलणारी, चुरगळलेल्या मलमलीसारखी. रोज पाच-सहा. मी खुशीत. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे सगळे बापे आहेत." दुधीला नर फुलं आधी येतात. त्यांचा देठ लांब आणि बारीक असतो. मादी फुलाच्या मागे करंगळीएवढा, लव असलेला इवलासा दुधी आधीपासूनच असतो. दहा दिवस नुसते बापेच येत राहिले. पहिली मादी ऑगस्टच्या 2 तारखेला आली आणि त्या दिवशी आमच्याकडे तिला बघायला शेजारपाजार जमला.

चौथ्या दिवशी ती टोकाकडून पिवळी पडली आणि गळाली. दुसरी तशीच. तिसरी, चौथी तशाच.

हे कोडं फार अवघड नव्हतं. फूल संध्याकाळी उमलतं, म्हणजे परागीभवन करणारे पतंगही रात्रीचे. सहाव्या मजल्यावर, चहूकडून दिव्यांच्या उजेडात, कुठला पतंग येणार? आमच्या टेरेसवर सकाळी शिंजीर येतो, पण तो जास्वंदीसाठी, आणि तो येईस्तोवर दुधीची फुलं मिटायला लागलेली असतात. म्हणजे हे काम मलाच करावं लागणार होतं. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे वळवायच्या, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. दोन मिनिटांचं काम. पण फूल उमलतं सातच्या सुमारास आणि सातला मी बँकेतून निघून राजाराम पुलाच्या सिग्नलला उभी असते. घरी पोहोचायला आठ, जेवणं उरकायला साडेनऊ. मग मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून, स्टुलावर चढून, एका हातात नर आणि दुसऱ्या हातात मादी, असा माझा ऑगस्ट गेला. समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी नवऱ्याला लिफ्टपाशी गाठून, "वहिनी रात्री काही विधी वगैरे करतात का?" असं विचारलं. अधिक श्रावण चालू होता, त्यामुळे त्यांना ते अशक्य वाटलं नसावं.

पाचवा दुधी धरला. सहाव्या दिवशी तो बोटापेक्षा मोठा, मान खाली घातलेला, चकचकीत. ऑफिसात फोटो दाखवला. आठव्या दिवशी तो एका बाजूला वाकडा झाला, वाकल्या जागी डिंकासारखा तपकिरी थेंब दिसला. दोन दिवसांत मऊ पडून गळाला. सहावा, सातवा, आठवा तसेच.

आता इथे मी चुकले, आणि चांगली तीन आठवडे चुकत राहिले. आधीचे चार परागीभवन न झाल्यामुळे गेले, म्हणून हेही त्याच्यातलेच, असं मी धरून चालले. हात नीट फिरला नसेल, पराग कमी पडले असतील. मग कुणी म्हणालं कॅल्शियम कमी आहे, म्हणून अंड्यांची टरफलं वाळवून, कुटून घातली. ऑमलेटचा मुक्काम वाढला. पानांवर भुरी दिसली तर आंबट ताक पाण्यात घालून मारलं, त्याने भुरी हटली, फळ तसंच. त्यात 2023 चा ऑगस्ट, देशात 1901 पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट. पडल्या मघा तर काय करायचं त्याची अर्धी म्हण चारचौघांत म्हणण्यासारखी नाही, पण न पडल्या मघा तर ढगाकडे बघा, हे सासूबाई रोज म्हणत होत्या. मला वाटलं, पाण्याचा ताण पडतोय. दोन वेळा पाणी सुरू केलं. खरं तर पिवळं पडून वाळणं वेगळं आणि डिंक सुटून कुजणं वेगळं. डोळ्यासमोर होतं, पण मी दोन्हीला 'गळ' हेच नाव देऊन मोकळी झाले होते.

गळलेल्या दुधींपैकी एक भाचीने सहज कापला. आत पांढऱ्या बारीक अळ्या. फळमाशी! कोवळ्या फळाच्या सालीखाली माशी अंडी घालते, टोचलेल्या जागी डिंक येतो, अळ्या आतून गर खातात. मग मी त्याच रात्री मोबाईलवरून फळमाशीचा सापळा मागवला. पिवळं झाकण, खाली पारदर्शक भांडं, आत वासाची वडी. दुसऱ्या दिवशी टांगला आणि चार दिवसांत त्यात तीस-चाळीस माश्या. मी इतकी खूश, की रोज मोजत होते. नववा, दहावा आणि अकरावा दुधी सापळ्यापासून दीड हातावर कुजले.

शेवटी शनिवारी मार्केट यार्डाजवळच्या एका कृषी सेवा केंद्रात गेले. पिशवीत सापळ्यातल्या मेलेल्या माश्या आणि एक सडका दुधी. दुकानदाराने कपाळाला आठ्या न घालता दोन्ही बघितलं आणि विचारलं, "ताई, सापळा आंब्याचा लावलाय का?" मला प्रश्नच कळला नाही. मग त्याने समजावलं. आंब्या-पेरूच्या माशीचा नर मिथाईल युजेनॉलच्या वासाला येतो. दुधी, कारलं, दोडक्याची माशी वेगळी, तिच्या पंखांवर तपकिरी डाग असतात. तिचा नर त्या वासाकडे ढुंकूनही बघत नाही, त्याला क्यू-ल्यूर लागतो. सोसायटीच्या आवारात पेरूची दोन झाडं आहेत. मी चार दिवस त्या पेरूच्या माश्या मारत होते. "आणि नुसते नर मरून भागत नाही हं," तो पुढे म्हणाला, "पडलेली फळं कुठे टाकता?"

मी अभिमानाने म्हटलं, "बाहेर नाही टाकत. घरीच खत करते."

तो काही बोलला नाही. त्याला बोलायची गरजच पडली नाही.

घरी येऊन डब्याचं झाकण काढलं. वरच्या थरात माझ्या लाडक्या तपकिरी, जाड अळ्या होत्या. आणि त्यांच्यात वेगळ्या, बारीक, पांढऱ्या. काडीने एक बाहेर काढली तर ती अंग कमानीसारखं दुमडून टुणकन उडाली. सैनिक माशीची अळी उडी मारत नाही, फळमाशीची मारते. या पांढऱ्या अळ्या मी आधीही पाहिल्या होत्या आणि 'पिल्लं असतील' म्हणून सोडून दिल्या होत्या. अळी मोठी झाली की मातीत शिरून कोष करते, त्यातून माशी निघते. भोकं पाडलेल्या डब्यात, दुधीच्या वेलापासून सहा फुटांवर, मी महिनाभर फळमाशीचं बाळंतघर चालवलं होतं. अकराच्या अकरा दुधी त्यात गेले होते. पाहुण्यांना झाकण उघडून दाखवलेलं आठवलं आणि कान गरम झाले.

मग त्या रविवारी जे काही केलं ते घाण होतं, थोडक्यात सांगते. डबा आख्खा काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, घट्ट बांधून, टेरेसच्या उन्हाच्या कोपऱ्यात ठेवला. दोन्ही टोपल्यांतली वरची चार बोटं माती उकरून तीही पिशवीत बांधून उन्हात टाकली. क्यू-ल्यूरचा सापळा लावला. यापुढे डागी फळ वेलावर दिसलं की पडायची वाट न बघता काढायचं आणि बंद पिशवीत भरून उन्हात शिजवायचं, असं ठरवलं.

पण माश्या शेजारच्या इमारतींतूनही येणारच. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे भोपळ्याला फडकं बांधायचे." त्यांनी जुनी नायलॉनची मच्छरदाणी काढली, हातमशीन पुसलं आणि तासाभरात पाच पिशव्या शिवल्या, तोंडाला नाडी ओवून. मला त्या पानसुपारीच्या चंचीसारख्या वाटल्या. 6 सप्टेंबरला रात्री दहा वाजता बाराव्या मादीचं मी परागीभवन केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फूल मिटल्यावर लगेच तिला पिशवी घातली. उशीर करून चालत नाही. माशीला कोवळंच लागतं.

रोज सकाळी चहाचा कप घेऊन पिशवीला बाहेरून चिमटीत धरून बघायची सवय लागली. सासूबाई माझ्या आधी उठून बघून गेलेल्या असायच्या, कारण नाडीची गाठ बदललेली असायची. आठवा दिवस गेला, डिंक नाही. दहाव्या दिवशी पिशवी पुरेना, म्हणून त्यांनी तिला खाली जोड दिला. मध्ये पाऊसही परत सुरू झाला. गणपती 19 सप्टेंबरला बसले, त्या दिवशी दुधी कोपरापर्यंतच्या हाताएवढा झाला होता, नखाने दाबलं तर नख सहज रुतत होतं. ऋषिपंचमीला सकाळी आंघोळ करून सासूबाईंनी तो देठासकट कापून घेतला. वजन नऊशे वीस ग्रॅम. हे नवऱ्याने लिहिलं, कागदावर आता जमेची बाजू सुरू झाली.

चिरण्याआधी त्यांनी देठाकडची एक चकती कापून जिभेवर ठेवली. हे त्या मंडईतल्या दुधीलाही करतात. दुधी कधीकधी कडू निघतो, तो कडूपणा कुकुर्बिटासिनचा असतो, शिजवून जात नाही आणि त्याने माणूस चांगलाच आजारी पडतो. कडू लागला की तुकडासुद्धा पोटात जाऊ द्यायचा नाही. कोरड्या ऑगस्टात वेलाचे हाल झालेले, म्हणून मला धाकधूक होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. त्यांनी सावकाश चघळलं, थुंकलं, चूळ भरली आणि म्हणाल्या, "काकडीसारखा आहे."

टेरेसवरचं अळू, चार भेंड्या, दुधी, ओल्या मिरच्या, बाकीचं नाइलाजाने मंडईतलं. तेल-फोडणी नसलेली ती भाजी मला लग्नानंतर पहिली दहा वर्षं आवडली नव्हती. त्या दिवशी मी दोनदा घेतली. खालच्या काकूंना वाडगा भरून दिला. छत वाळलंय, असं त्यांनी आपणहून सांगितलं. "बैल नाही राबला या भाजीला," नवरा म्हणाला आणि माझ्याकडे बघून गप्प बसला. सासूबाई म्हणाल्या, "मग ट्रॅक्टरसारखी ती दमत नाही असं वाटलं का तुला?"

त्यानंतर हस्तात वेल असा सुटला, की एकदम चार दुधी लागले. दुधीची भाजी, चणाडाळ घालून दुधी, दुधीचं थालीपीठ, दुधी हलवा, मग परत भाजी. डब्यात दुधी बघून ऑफिसातल्या मैत्रिणी शेजारच्या टेबलावर बसायला लागल्या. काकूंचा वाडगा परत आला तो सांडग्यांनी भरून, आणि सोबत निरोप, की आता नको हो, आमच्याकडे दोघंच खाणारे. फळमाशी संपली नव्हती. पिशवी घालायला एक दिवस चुकले तर तो दुधी हमखास वाकडा व्हायचा. पाच पिशव्यांच्या बारा झाल्या, मच्छरदाणी संपली.

बियाण्यासाठी एक दुधी वेलावरच ठेवला होता. दिवाळीनंतर वेल वाळला, दुधी पिवळट, मग भुरका झाला. तो आता स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलाय आणि हलवला की आत बिया खुळखुळतात. येताजाता प्रत्येकजण एकदा हलवून जातो. पिशवी मात्र अजून त्याच्या अंगावरच आहे. आता साल लाकडासारखी टणक झालीय, काढून धुऊन ठेवू का, असं मी परवा विचारलं.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "त्या माशीचा काय भरवसा."